विमान सेटिंगला आहे

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. जिल्ह्याच्या गावाला रेल्वेच २०२५ च्या सप्टेंबरात पोचली, तेव्हा विमानाची तक्रार कोणत्या तोंडानं करायची? आमच्या सिरसाळ्याच्या माणसाला विमान दिसतं ते तीन प्रकारचं. एक, फार उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणारं. ते मुंबईचं की हैदराबादचं यावर पारावर पैज लागते आणि ती कधीच निकालात निघत नाही. दुसरं, निवडणुकीत धुराळा उडवत उतरणारं हेलिकॉप्टर. तिसरं, पाऊस पाडायचं. २०१५ ला आणि पुन्हा २०१९ ला ते औरंगाबादहून उडालं आणि सगळ्या मराठवाड्यानं माना वर करून त्याची वाट पाहिली. चौथं विमान तात्यांचं. ते सगळ्यांत जास्त वेळ बघायला मिळतं, कारण ते बहुतेक जमिनीवरच असतं.

तात्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान परळीहून बीडला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. दारात विहिरीतून आणि बोअरमधून वर काढलेल्या मोटारी आडव्या पडलेल्या, आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, भिंतीवर सिरीज दिवा. आणि छताच्या पत्र्याखाली सुतळीनं टांगलेली विमानं. नवीन गिऱ्हाईक आत आलं की आधी वर बघतं, मग तात्यांकडं बघतं आणि जरा थांबून विचारतं, "लेकराची हायती का?" तात्या चष्मा कपाळावर चढवतात. "लेकराला हात लावू देत न्हाई मी," म्हणतात.

पन्नाशी ओलांडलेला, आयटीआयला वायरमन ट्रेड केलेला, उभ्या जन्मात विमानात न बसलेला हा माणूस या नादाला लागला तो २०२० च्या टाळेबंदीत. दुकान बंद, तार मिळेना, माणूस रिकामा आणि हातात मोबाईल. त्यात कुणीतरी परदेशी गृहस्थ फोमचं विमान हातानं हवेत सोडताना दिसले. तात्यांनी विमानाकडं बघितलंच नाही. व्हिडिओ थांबवून, दोन बोटांनी चित्र मोठं करून त्यांनी विमानाच्या नाकातली मोटार बघितली. तिच्यातून तीन वायरी निघत होत्या.

"सर, तीन वायरी! ही थ्री फेज हाय!" तोंडाला रुमाल बांधून, माझ्या घरासमोर रस्त्यात उभे राहून ते ओरडले. दिवसच असे होते की शेजाऱ्यांना वाटलं, सरांच्या घरात कुणाचा तरी रिपोर्ट आला. दोन दिवस आमच्याकडं दूधवाला फिरकला नाही.

त्या आरोळीतला आनंद कळायला माणूस आमच्याकडचा असावा लागतो. फेज उलटी लागली की मोटार उलटी फिरते, आवाज सगळा येतो आणि पाणी मात्र धड येत नाही, हे इथं शाळेत नाव घालायच्या आधी कळतं. मग तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, की मोटार सुलट. विमानातल्या ब्रशलेस मोटारीला हाच कायदा लागू आहे. बॅटरी डीसी; पण मधे स्पीड कंट्रोलर नावाची एक डबी असते, ती त्या डीसीची पाळीपाळीनं वाटणी करून मोटारीच्या तीन वायरींना देते. पंखा उलटा फिरून वारा पुढं फेकायला लागला, तर दोन वायरी बदला. तात्यांनी आयुष्यभर जे केलं तेच, फक्त २८ मिलिमीटर जाडीच्या मोटारीवर. "आपली पाच हॉर्सपॉवरची मिनिटाला एकोणतीसशे फेरे मारती," ते सांगतात, "आन् ही हजार केव्हीची. एका व्होल्टाला हजार फेरे. अकरा व्होल्ट द्या, अकरा हजार! रिकामी फिरताना हां. पंखा लावला की कमी." हा 'हां' महत्त्वाचा आहे. तात्या कुठलीही बढाई अट घातल्याशिवाय मारत नाहीत.

परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आमच्या उशाशी आहे. त्याची राख सिरसाळ्याच्या वीटभट्ट्यांवर रात्रंदिवस येते. शेतीची थ्री फेज लाईट मात्र पाळीनं. तेव्हा खिशात मावणारी आणि आपल्या मर्जीनं चालू होणारी थ्री फेज हे काय सुख आहे, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

विमानाच्या अंगाला फोमचा तक्ता लागतो. त्याची आमच्या जिल्ह्यात टंचाई नाही. वाढदिवस झाला, बोर्ड. नियुक्ती झाली, बोर्ड. नियुक्ती रद्द झाली, तरी 'साहेब, आम्ही तुमच्यासोबत' म्हणून बोर्ड. सनबोर्ड विमानाला जरा जड पडतो, पण फुकट मिळतो. तात्यांचं नावाजलेलं विमान अशाच एका 'भावी सभापतीं'च्या शुभेच्छा फलकातून कापलेलं आहे. कापताना साहेबांचं कपाळ गेलं. डोळे पंखाच्या पुढच्या धारेला आले, हनुवटी आणि सोन्याची साखळी मागच्या धारेला, आणि मिशी बरोबर पुढून तिसऱ्या हिश्श्यावर.

हे तात्यांच्या पथ्यावर पडलं. पंखाच्या रुंदीचा पुढून पाव ते तिसरा हिस्सा, एवढ्यातच विमानाचा तोल यावा लागतो. पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचलायचं, ते सपाट राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर बॅटरी पुढं-मागं सरकवायची. बाकीचे लोक त्यासाठी पेन्सिलनं खूण करतात. तात्या मिशीखाली बोटं लावतात. "तोल मिशीच्या म्होरं गेला तर नाक जड. विमान कष्टानं उडंल, पण माणसात ऱ्हाईल. मिशीच्या मागं गेला की मंग ते कुणाचंच ऐकत न्हाई." भावी सभापतींचे कार्यकर्ते एकदा दुकानात आले होते, तेव्हा तात्या नेमके साहेबांना मिशीखाली दोन बोटांवर तोलत उभे होते. कार्यकर्त्यांना तो अपमान आहे की सन्मान हे ठरवता येईना. शेवटी त्यांनी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला.

पण विमान कापणं-चिकटवणं हे तात्यांच्या लेखी सुतारकाम. त्यांचं खरं काम सुरू होतं ट्रान्समीटर हातात घेतल्यावर. तो सहा चॅनलचा, २.४ गिगाहर्ट्झचा, पोटात चार पेन्सिल सेल, आणि वीस विमानांची सेटिंग लक्षात ठेवणारा आहे. तात्यांकडं वीस विमानं नाहीत, पण वीस सेटिंग आहेत. प्रत्येकाला परळी, तेलगाव, वडवणी अशी गावांची नावं दिलेली. चुकून तेलगावच्या विमानाला वडवणीचं सेटिंग लागलं, तर कांडी उजवीकडं ओढल्यावर विमान डावीकडं जाऊ शकतं. म्हणून तात्या पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचतात आणि शेजारी जो कुणी असेल त्याच्याकडून वाचून घेतात. एसटीची वाट बघत सावलीला थांबलेल्या म्हातारीला त्यांनी "तेलगावच हाय ना, मावशी?" असं विचारलं. मावशी म्हणाली, "व्हय, तिकडंच जायचंय."

सगळ्यांत आधी पंखा काढायचा. मोटारीला पंखा असताना प्रोग्रामिंगला हात लावायचा नाही. एखादी वायर इकडची तिकडं झाली आणि मोटार एकदम सुटली, तर बोटं जातात. काढलेला पंखा तात्या शर्टाच्या वरच्या खिशात खोवतात. गावानं या खुणेचा अभ्यास केलेला आहे. तात्यांच्या खिशातून पंख्याचं टोक डोकावत असेल, तर त्या दिवशी पाण्याची मोटार मिळत नाही. लग्नात, दहाव्याला, ग्रामसभेत, पंखा दिसला की ज्याची मोटार भरायला पडली आहे तो नुसता सुस्कारा टाकतो.

मग बाइंडिंग. विमानातल्या रिसीव्हरमधे एक छोटा प्लग लावायचा, त्याचा लाल दिवा भराभर उघडझाप करतो. ट्रान्समीटरचं बटण दाबून धरत तो चालू करायचा. दिवा स्थिर झाला की दोघांची ओळख पटली. त्यानंतर हा रिसीव्हर दुसऱ्या कुठल्याही ट्रान्समीटरचं ऐकत नाही. तात्या दिवा स्थिर होताना डोळे भरून बघतात. "बघा सर, एकदा बाइंड झालं की झालं. आपल्याकडं निवडून आलेल्यांना असा प्लग लावायची सोय पायजे हुती." इथं हॉटेलवाल्याचा पोरगा चहा घेऊन येतो आणि तो थंड होतो, कारण पुढं स्पीड कंट्रोलरला कांडीचं वरचं टोक आणि खालचं टोक शिकवायचं असतं. कांडी पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप बीप, कांडी खाली, मग बॅटरीच्या सेलांइतके बीप. तीन वाजले पाहिजेत. तात्या बोटांवर मोजतात. तीनच वाजतात. तरी पुन्हा करतात. "कामून?" मी विचारतो. "ह्या बारीला आपण बोलत हुतो."

दिशांची तपासणी हा तर जाहीर कार्यक्रमच. विमानाच्या मागं उभं राहायचं, त्याचं तोंड आणि आपलं तोंड एकीकडं. कांडी उजवीकडं नेली की पंखाच्या मागच्या धारेचं उजवं पान वर उठलं पाहिजे, डावं खाली गेलं पाहिजे. यावर गावात मतभेद आहेत. सोयाबीन विकून परत निघालेल्या एका शेतकऱ्यानं हरकत घेतली, "उजवीकडं जायचं तर उजवं पान खाली नगं का?" तात्यांनी त्याला खुर्ची दिली. पान वर उठलं की वारा त्या पंखाला खाली दाबतो, डावा पंख वर जातो, विमान उजवीकडं कलतं आणि वळतं, असं त्यांनी सोयाबीनच्या पट्टीच्या मागं काढून दाखवलं. शेतकरी बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिला. "म्हंजी ज्याला वर केलं त्योच खाली बसतो. हे तर आमच्या सोसायटीत बी हाय," म्हणाला आणि समाधानानं गेला.

एक्स्पो ही तात्यांची खास आवडीची जागा. कांडी मधोमध असताना जरा हलली तर पान थोडंसंच हलावं, टोकाला नेल्यावर मात्र पुरं हलावं, असा नरमपणा ट्रान्समीटरमधे भरता येतो. नवशिक्याला तीस टक्के. तात्यांनी हे तत्त्व विमानापुरतं ठेवलं नाही. भावकीतल्या एका सासूबाईंची सुनेबद्दलची तक्रार पूर्ण ऐकून घेऊन ते म्हणाले, "वैनी, मधल्या मधी नरम ठिवा. टोकाला गेलं तर मंग पुरं द्या." सासूबाईंनी त्यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं.

आणि शेवटी फेलसेफ. ट्रान्समीटर बंद पडला, संपर्क तुटला, तर विमानानं काय करायचं हे आधीच सांगून ठेवायचं. तात्या मोटार फिरवतात (पंखा खिशातच), मग ट्रान्समीटर सरळ बंद करतात. मोटार थांबली पाहिजे. न थांबता फिरत राहिली, तर ते विमान एक दिवस गावावरून तसंच पुढं जाईल आणि कुठं उतरेल ते सांगता येत नाही. एवढी एकच तपासणी बघायला तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकूसुद्धा आतून बाहेर येतात. "आपण गेल्यावर माघारी काय करायचं, ते विमानाला सांगून ठिवलंय. मला न्हाई सांगितलं अजून," म्हणतात. काकूंचा या सगळ्यावर रोष आहे, त्याला कारण आहे. लिथियमची बॅटरी चार्ज होताना बिघडली तर पेट घेते, म्हणून तात्या ती मडक्यात वाळू घालून, त्यात ठेवून चार्ज करतात. मडकी काकूंची. "लग्नात बी असंच," त्या सांगतात. "अक्षता पडायच्या टायमाला नवरदेव कुठं? तर मांडवाची वायरिंग चेक करायला खांबावर."

आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि आम्ही पोटभर हसतोही. पण आमच्या भागाचा कुलमंत्र 'हुईल की' हा आहे. बोअर पाचशे फूट नेला, पाणी लागंल का? हुईल की. ट्रॅक्टरला ब्रेक लागत नाही, घाट उतरायचा. हुईल की. डीपीत फ्यूजच्या जागी जाडजूड तार अडकवलेली असते आणि मग जळलेली मोटार तात्यांकडं येते. 'हुईल की'चे परिणाम दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, त्याला एक वस्तू अशी मिळाली की जिथं 'हुईल की' म्हटलं तर ती डोळ्यांदेखत जमिनीत घुसते. माझं मत असं, की तात्यांना विमानाचं वेड नाहीच. आधी तपासलेलं मग चालतं, याचा त्यांना एकदा तरी पुरावा बघायचा आहे. तो पाण्याच्या मोटारीत मिळत नाही, कारण तात्यांनी नीट भरून दिलेली मोटार घेऊन माणूस पुन्हा त्याच डीपीकडं जातो.

कायद्याच्या बाबतीतही हाच खाक्या. ड्रोन नियम २०२१ त्यांनी छापून आणून, भोकं पाडून फाईलला लावलेत. २५० ग्रॅमपर्यंतचं ते नॅनो, त्यापुढं दोन किलोपर्यंत मायक्रो. आणि नुसत्या हौसेसाठी, शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायची मॉडेलं २५ किलोपर्यंत. आपलं कशात बसतं हे ठरवायला वजन हवं, म्हणून तात्या भावी सभापतींना घेऊन किराणा दुकानात गेले. दुकानदारानं साखरेचं पोतं बाजूला करून विमान काट्यावर ठेवलं. "नऊशे वीस ग्रॅम. आजूक काय देऊ?" तात्यांनी बॅटरी लावून पुन्हा मोजायला सांगितलं. मागं रांग लागली होती.

२०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात अशी हवा मराठवाड्यात उठली. चोर आधी ड्रोननं घरं बघून जातात, असं म्हणत गावोगाव पोरं काठ्या घेऊन गस्त घालायला लागली. अशाच एका रात्री तात्यांच्या बंद शटरखालून गस्तीवाल्यांना लाल उजेड दिसला. भराभर उघडझाप करत होता. मागोमाग बीप बीप. पोरांनी शटरवर काठ्या आपटल्या. तात्यांनी शटर वर केलं, पोरांना आत घेतलं आणि बाइंडिंगपासून सुरुवात केली. एक्स्पोपर्यंत दोघं झोपले. फेलसेफला पहाट झाली. सकाळी पोरांनी पारावर जाहीर केलं की तात्यांचा ड्रोनशी काही संबंध नाही. चोराजवळ एवढं समजावून सांगायला वेळच नसतो. त्यानंतर गस्तीचा रस्ता बदलला. तात्यांच्या दुकानावरून जायला कुणी तयार होईना.

हॉटेलात कधी कुणी मुद्दाम त्यांना छेडतं, "तात्या, पयलं विमान आपल्याच माणसानं उडवलं म्हणं, चौपाटीवर?" शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ ला मुंबईत विमान उडवलं, असं सांगतात, धड पुरावा कुणी दाखवलेला नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ ला लिहून ठेवलं. तात्या या भांडणात पडत नाहीत. "उडालं का न्हाई, ते जाऊ द्या. उतरवलं कसं? ते सेटिंग कुणी लिवलंय का?" त्यांचा आदर्श म्हणजे कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव. २०१६ ला मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते विमान लोकांनी बघितलं, त्या बातमीचं कात्रण दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी आहे. परवानगीसाठी त्यांना घालाव्या लागलेल्या खेट्यांची हकिगत वाचून सगळे हळहळले. तात्या म्हणाले, "तेवढ्या टायमात सेटिंग किती झालं असंल!" दुसरे आदर्श कर्नल टॅपलिन. या इंग्रजानं ३० जून १९५७ ला विजेच्या मोटारीवरचं, रेडिओनं चालवलेलं विमान उडवून दाखवलं. दर ३० जूनला तात्यांचं दुकान बंद असतं. गावाला वाटतं, त्यांच्याकडं श्राद्ध असतं.

भावी सभापतींचं प्रकरण मात्र वाढलं. कार्यकर्त्यांचं स्टेटस साहेबांपर्यंत गेलं आणि एका रविवारी चार गाड्या दुकानासमोर थांबल्या. साहेबांनी पंखावरचा आपला चेहरा बघितला. कपाळ गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण उंची आवडली. "आपल्या सभेला मंडपावरून न्यायचं. आन् वरून फुलाच्या पाकळ्या पडल्या पायजेत," म्हणाले. दुसरा कुणी 'हुईल की साहेब' म्हणून मोकळा झाला असता. तात्यांनी वही काढली. "पाकळ्या किती ग्रॅम?" साहेबांनी कार्यकर्त्यांकडं बघितलं. "झेंडूच्या का गुलाबाच्या? पाकळ्या पडल्यावर तोल हलणार. मिशीवरचा हनुवटीवर आला तर विमान सभेत येईल. आन् माणसांच्या डोक्यावरून तर मी उडवतच न्हाई, बाजूच्या रानातून नेऊ." साहेबांनी घड्याळ बघितलं.

तरी काम मिळालं. रिकाम्या पाचव्या चॅनलवर पाकळ्यांचं झाकण उघडायचा सर्व्हो, म्हणजे छोटी मोटार, बसला. झेंडू सुकल्यावर हलका होतो, म्हणून ताज्याचं वेगळं आणि शिळ्याचं वेगळं वजन वहीत उतरलं. झाकणाला उशिरा उघडायचं सेटिंग, मग लवकर उघडायचं सेटिंग. सभा झाली. मतदान झालं. निकाल लागला. साहेबांनी पक्ष बदलला. तात्यांचा निरोप गेला, की पाकळ्यांचं विमान आता तयार आहे. तिकडून विचारणा आली, पंखावर चिन्ह कोणतं आहे? तात्यांनी जुन्या चिन्हावर पांढरी टेप मारली, आणि टेपचं वजन धरून तोल पुन्हा मोजला.

ते उडालं त्या दिवशी मी होतो. सकाळची वेळ, ऊन चढायच्या आत, सोयाबीन निघालेल्या रिकाम्या रानात. शाळेतली पोरं आधीच येऊन बसलेली. तात्यांनी चिमूटभर माती हवेत सोडली, तर तिथल्या एका म्हाताऱ्यानं मातीकडं न बघताच सांगितलं, "मावळतीचं वारं हाय." उफणणीत आयुष्य गेलेला माणूस तो. विमान फेकायचं काम माझ्याकडं. वाऱ्याच्या तोंडावर, सरळ, नाक वर न करता. तात्यांनी वही उघडून एकेक ओळ वाचली, पोरांनी एकेका ओळीला "व्हय!" म्हटलं. पंखा खिशातून निघून मोटारीला लागला, तेव्हा पोरं टाळ्या वाजवायला लागली. कारण पंखा खिशाबाहेर आलेला त्यांनी फारसा बघितलेला नाही.

मी सोडलं. भावी सभापती आधी जरा खाली बसले, मग सरळ झाले, आणि मावळतीकडं निघाले. ते इतके शांत गेले की पोरंही गप्प झाली. तात्यांची बोटं कांडीवर हलतच नव्हती. विमान वळून आमच्याकडं तोंड करून येतं तेव्हा उजवं-डावं उलटं वाटायला लागतं. त्यावर तात्यांचा उपाय असा, की ते स्वतः विमानाकडं पाठ करून उभे राहतात आणि मान मागं वळवून खांद्यावरून बघतात. म्हणजे आकाशात विमान आणि रानात तात्या अशा दोन गिरक्या एकाच वेळी चालू होत्या, आणि निम्मी पोरं तात्यांनाच बघत होती. पाचव्या चॅनलचं बटण दाबलं. पाकळ्या पडल्या. वारा असल्यामुळं त्या शेजारच्या तुरीत गेल्या. सात मिनिटांचा टायमर वाजला आणि विमान पोटावर घसरत ढेकळांत थांबलं. "तात्या, अजून एकदा!" सगळी पोरं ओरडली. तात्या मातीत बसून वहीत लिहीत होते. "गप बसा रे. डावीकडं दोन क्लिक ट्रिम लागली हवेत. ती आधी खाली घेऊ, रॉडमधी. मंग बघू."

बॅटरीत निम्म्याजवळ वीज शिल्लक होती. विमान तीन आठवडे पुन्हा सेटिंगला गेलं.

दरम्यान ज्या शेतकऱ्याची मोटार दुकानात उघडून पडली होती, त्याचा हरभरा पाण्यावाचून वाळायला लागला. तो आला, खिशातला पंखा बघून उंबऱ्यावरच बसला. "तात्या, माझी मोटार?" "बेअरिंग यायचंय." "मागल्या बारीला बी बेअरिंगच यायचं हुतं." तात्यांना वाईट वाटलं. त्यांनी ट्रान्समीटर खाली ठेवला, रात्री बसून मोटार भरली, फेज तीनदा तपासली, टेस्टिंगवर तासभर चालवली आणि सोबत एक कागद दिला : स्टार्टरला ओव्हरलोड रिले बसवणे, डीपीत योग्य फ्यूज टाकणे, व्होल्टेज बघितल्याशिवाय चालू करू नये. शेतकऱ्यानं कागद घडी करून टोपीत ठेवला आणि "हुईल की" म्हणाला.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडं रेडिओवरचं विमान असेल आणि ते उडायचं नाव घेत नसेल, तर खुशाल सिरसाळ्याला घेऊन या. तात्यांनी सेट केलेलं विमान पहिल्या उड्डाणात पडल्याचं गावात कुणालाही आठवत नाही. ते एक पैसा घेणार नाहीत. फक्त परत कधी मिळेल, ते विचारू नका. पाण्याची मोटार जळाली असेल आणि पीक रानात उभं असेल, तर मात्र थेट परळीला न्या.